मॅटवरचा खो-खो आणि मातीतल्या मुली

दिनांक १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळवून खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या नावे केला. त्याच दिवशी पुरुषांच्या संघानेही नेपाळलाच ५४-३६ असे नमविले. तेवीस देशांतील खेळाडू या स्पर्धेस आले होते. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची आपल्या बीड जिल्ह्यातील, केज तालुक्यातील कळमअंबा गावची. दुष्काळाचा जिल्हा, ऊसतोडीचा जिल्हा, बालविवाहांचा जिल्हा अशी विशेषणे ऐकण्याची ज्यांना सवय झाली आहे, त्यांच्या कानांवर ‘विश्वविजेत्या कर्णधाराचा जिल्हा’ हे शब्द पडले तेव्हा ऊर भरून आला, यात नवल नाही. आम्हांसही आनंद झाला. परंतु निवासी शाळेच्या स्मरणिकेत केवळ आनंद नोंदवून थांबणे योग्य नव्हे. अंगणातला एक खेळ आमच्या डोळ्यांदेखत व्यावसायिक झाला. त्याचे मैदान, नियम, गणवेश आणि गुणांची भाषा बदलली. या बदलात आमच्या मुलामुलींच्या वाट्याला काय आले आणि काय यावयास हवे, याविषयी आमचे मत आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम थोडा इतिहास. खो-खो महाभारतातील रथयुद्धापासून निघाला, असे पुष्कळ पुस्तिकांत छापलेले असते. कालामसुत्त ज्यांनी एकदा तरी वाचले आहे, त्यांनी अशा विधानापुढे क्षणभर थांबावे. छापून आले म्हणून, किंवा परंपरेने सांगितले म्हणून, ते खरे मानण्याचे कारण नाही. ज्ञात आहे ते असे, की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमांची चौकट देण्यास आरंभ केला आणि पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ते काम चालविले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे भरली. याचा अर्थ, ज्यास आपण अनादी काळचा खेळ म्हणतो, त्याचे नियम माणसांनी बसून, वाद घालून, मोजमाप करून ठरविलेले आहेत. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद मैदान, दोन टोकांस दोन खांब, मधल्या पाटीवर पाठीस पाठ न लावता एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसलेले आठ गडी, नववा पाठलागावर, आणि नऊ मिनिटांची पाळी. माणसांनी केलेले नियम माणसेच बदलू शकतात. म्हणून नियम बदलले याबद्दल आमची तक्रार नाही. ते कोणासाठी बदलले, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

नवा खो-खो सात गड्यांचा आहे. पाळी नऊ मिनिटांवरून सात मिनिटांवर आली. एक गडी बाद केला की पूर्वी एक गुण मिळे, आता दोन मिळतात; सूर मारून किंवा खांबावर गडी टिपला तर तीन. म्हणूनच अठ्ठ्याहत्तर-चाळीस असा, जुन्या खेळाडूस चक्रावून टाकणारा आकडा फलकावर दिसतो. अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगने ‘वजीर’ नावाचा एक खेळाडू आणला. उठल्यावर ज्या दिशेस धाव घेतली ती दिशा सोडावयाची नाही, हा खो-खोचा मूळ निर्बंध त्यास लागू नाही. बुद्धिबळातील वजिराप्रमाणे तो हवा तिकडे वळतो. हे सारे दूरचित्रवाणीसाठी आहे, हे उघड आहे. खेळ वेगवान व्हावा, गुण भराभर वाढावेत, जाहिरातीस जागा राहावी. या लीगचा पहिला हंगाम ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे झाला. सहा संघ होते, आणि ओडिशा जगरनॉट्सने अंतिम सामन्यात तेलुगू योद्धाजला केवळ एका गुणाने, ४६-४५ असे हरविले. तो सामना ज्यांनी पाहिला त्यांनी खेळ बिघडला असे म्हणू नये. खेळ बिघडला नाही, उलट आमच्या मुलांनी त्यातील खांबावरच्या उड्या दुसऱ्याच दिवशी मैदानावर करून पाहिल्या आणि दोघांचे गुडघे फोडून घेतले.

अशी स्थित्यंतरे जगात सर्वत्र घडत आहेत. अमेरिकेत मक्याच्या दाण्यांनी भरलेली कापडी पिशवी सत्तावीस फुटांवरून एका तिरप्या फळीवरील भोकात टाकण्याचा एक अंगणी खेळ आहे. त्यास कॉर्नहोल म्हणतात. पिशवी भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक, आणि एकवीस झाले की डाव संपला. आपल्या गोट्या-विटीदांडूच्याच पंक्तीत बसावा असा हा खेळ. सुटीच्या दिवशी घरामागे, हातात खाण्याची ताटली घेऊन खेळावयाचा. २०१५ मध्ये त्याची व्यावसायिक लीग स्थापन झाली, मोठ्या क्रीडावाहिनीवर त्याचे सामने दिसू लागले आणि केवळ पिशव्या फेकून उपजीविका करणारे खेळाडू निर्माण झाले. या प्रवासात पिशवीतला मका मात्र नाहीसा झाला. दाण्यांचे वजन ओलाव्याने बदलते, दाणे कुजतात, त्यांना किडे लागतात. म्हणून त्या जागी प्लॅस्टिकचे दाणे आले. नाव तेवढे मक्याचे राहिले. आम्हांस ही गोष्ट मनोरंजक वाटते, कारण आपल्याकडे माती अशीच गेली. मातीवर पाय घसरतो, पावसात चिखल होतो, उन्हात तडे जातात. मॅटवर उडी एकसारखी बसते. कारण पटण्याजोगे आहे. परंतु मक्याची पिशवी प्लॅस्टिकची झाल्याने कोणाच्या अंगणातला खेळ बंद पडला नाही. जुनी पिशवी घरी शिवता येते. खो-खोची मॅट मात्र घरी विणता येत नाही. ज्या दिवशी जिल्हास्तरीय स्पर्धाही मॅटवरच होतील, त्या दिवशी मातीत सराव केलेला आमचा संघ सामना सुरू होण्यापूर्वीच अर्धा हरलेला असेल. मॅट आणावयाची असेल तर ती प्रथम तालुक्याच्या ठिकाणी आणा, मग स्पर्धेत सक्तीची करा. क्रम उलटा होता कामा नये.

मातीचा आम्हांस मोह आहे असा याचा अर्थ नाही. ‘मातीतला खेळ’ हा शब्दप्रयोग शहरातील माणसे ज्या गहिवराने वापरतात, तो गहिवर आम्हांस परवडणारा नाही. मातीत खेळून ढोपरे सोलतात, आणि त्यांवर लावावयास औषध नसते. ज्यांना मातीवाचून पर्यायच नव्हता, त्यांनी तिचे गुणगान करण्याची सक्ती का मानावी? चांगल्या मॅटवर, चांगल्या बुटांत, चांगल्या प्रकाशात खेळण्याचा आमच्या मुलींना तितकाच हक्क आहे.

आता या खेळाच्या अशा एका अंगाविषयी, ज्याकडे समालोचकांचे लक्ष जात नाही. खो-खो हा स्पर्शाचा खेळ आहे. गडी बाद होतो तो स्पर्शाने, आणि बसलेला गडी उठतो तोही पाठीवर हात पडल्यावर. ज्या समाजात माणसाचा स्पर्शच विटाळ मानला जात होता, त्या समाजात हा खेळ एकत्र खेळणे सोपे नव्हते, हे सांगावयास पुराव्याची रास लागत नाही. क्रिकेटमध्ये तरी अंतर होते. चेंडू मध्ये होता. तरीही पुण्याच्या पाळवणकर बाळूंना, ज्यांच्या फिरकीपुढे इंग्रज फलंदाज टिकत नसत आणि ज्यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी मिळविले, त्यांना पुण्यातील स्वतःच्याच संघात चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तंबूबाहेर दिला जात असे. ज्या हाताने फेकलेला चेंडू साऱ्या संघाने झेलला, त्या हाताने उचललेला पेला मात्र वेगळा. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांना हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, आणि त्याच सभेने मुंबईत तरुणांसाठी वाचनालयाबरोबर हॉकीचा क्लबही चालविला, ही बाब आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो. वसतिगृह, वाचनालय आणि मैदान ही तीन वेगवेगळी कामे नव्हती. आज आमच्या शाळेत नऊ जणी मैदानात उतरतात, त्यांची आडनावे नऊ प्रकारची असतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर प्रत्येकीचा हात पडतो. त्यांना यात काही विशेष वाटत नाही. वाटू नये, हेच बरे.

व्यावसायिक खो-खोमुळे काय झाले, याचा हिशेब पैशातही केला पाहिजे. पैशाचा उल्लेख टाळणे म्हणजे गरिबांच्या मुलांशी अप्रामाणिकपणा होय. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामात अव्वल श्रेणीच्या खेळाडूचे मानधन पाच लाख रुपये होते. प्रो कबड्डीत २०२३ मध्ये पवन सेहरावत याच्यावर लागलेल्या दोन कोटी साठ लाखांच्या बोलीपुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु आमच्या पालकांच्या डोळ्यांनी ती पाहावी. जानेवारी २०२४ मधील वाढीनंतर ऊसतोडणीचा दर टनास सुमारे ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाकाठी दोन टन तोडतो असे धरले आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर पाच लाख रुपये मिळविण्यास दोघांना साडेचार हंगाम राबावे लागेल. आणि त्यातून मुकादमाची उचल फिटावयाची ती वेगळीच. तीन आठवड्यांच्या लीगमध्ये एका मुलास ते मिळतात. हे पाहून एखाद्या बापाने मुलास सांगितले, की बाबा रे, खेळ. तर त्यास कोण दोष देईल?

पण ‘मुलास’ हा शब्द आम्ही चुकून लिहिलेला नाही. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या दोन्ही हंगामांत सहाच्या सहा संघ पुरुषांचे होते. पुण्याचा हंगाम पुरुषांचा, आणि डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटक येथे झालेला, गुजरात जायंट्सने जिंकलेला हंगामही पुरुषांचा. कबड्डीतही हेच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, घराघरांत पोहोचली; महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा तिच्यासोबत घेतली गेली आणि ती पुढील वर्षी झाली नाही. ज्या खेळात मुली शाळेच्या मैदानापासून मुलांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांच्याहून सरस खेळतात, त्या खेळाचा बाजार भरला तेव्हा पहिली पेठ पुरुषांना मिळाली. विश्वचषकात महिलांनी अंतिम सामना अडतीस गुणांच्या फरकाने जिंकला, पुरुषांनी अठरा गुणांच्या. प्रेक्षक येत नाहीत, जाहिरातदार मिळत नाहीत, हे उत्तर आम्ही ऐकून आहोत. कबड्डीलाही २०१४ पूर्वी जाहिरातदार मिळत नव्हते. प्रेक्षक दाखविल्यावर येतात.

शासनाने या बाबतीत बाजारापेक्षा अधिक औदार्य दाखविले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. विश्वचषकानंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या खेळाडूंस प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि शासकीय नोकरी जाहीर केली. त्यात प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचे कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही, स्त्री-पुरुष असा भेद न करता, सारख्याच रकमेचे मानकरी होते. शेजारच्या कर्नाटकात पाच लाखांचे पारितोषिक जाहीर झाले तेव्हा तेथील दोन खेळाडूंनी ते नाकारले आणि महाराष्ट्राचे उदाहरण दिले. आपल्या राज्याविषयी अशा कारणाने अभिमान वाटण्याचे प्रसंग वारंवार येत नाहीत. तथापि पारितोषिक मिळते ते शिखरावर पोहोचल्यावर. शिखराच्या वाटेवर जेवण कोण देणार, हा आमचा प्रश्न आहे.

जेवणाचा उल्लेख आम्ही अलंकार म्हणून करीत नाही. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्कार जाहीर झाल्यावर तिने जे सांगितले ते प्रत्येक क्रीडाशिक्षकाने लक्षात ठेवावे. सुमारे दहा वर्षे तिला दिवसातून एकदाच जेवावयास मिळत असे. शिबिरास किंवा स्पर्धेस गेले तरच बरे अन्न मिळे. एका आंतरराष्ट्रीय कर्णधाराच्या घडणीत क्रीडाशिबिराची खानावळ इतकी महत्त्वाची होती. निवासी शाळांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कित्येकींची पहिली दोन वर्षे खेळ शिकण्यात जात नाहीत, वजन भरून येण्यात जातात. तिसऱ्या वर्षी त्या धावू लागतात. त्यानंतर त्यांना ‘गुणवत्ता’ आहे असे बाहेरचे लोक म्हणतात.

प्रियांका इंगळे कळमअंबाची, परंतु खेळाडू म्हणून ती घडली पुणे परिसरात. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला, पण त्याची तालीमही पुण्याचीच. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, ज्याने १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण जिंकले, तो लहानपणी शाळेत सहा किलोमीटर पायी, पुष्कळदा धावतच जात असे. पण त्याच्यातील धावपटू दिसला तो सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाल्यानंतर. या तिघांच्या यशात आमच्या जिल्ह्याचा वाटा किती? जन्म आमचा, जिद्द आमची, गरिबीही आमचीच. पण तालीम, आहार, मैदान आणि मार्गदर्शक दुसरीकडचे. सत्काराच्या वेळी मात्र आपण सर्वांच्या पुढे असतो. जिल्ह्याने पाठविलेली माणसे मोठी होतात, हा ऊसतोडीचाच नियम खेळातही चालू आहे: श्रम येथून जातात आणि साखर दुसरीकडे होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच परिवारातून येईल. धम्माच्या मार्गाने चालणाऱ्या संस्थेने स्पर्धा, जय-पराजय, लिलाव आणि पारितोषिके यांचा इतका विचार का करावा? दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भिक्खूंनी टाळावयाच्या खेळांची लांबलचक यादी आहे; सोंगट्या, फासे, चेंडू, कोलांट्या असे बरेच काही तीत येते. ती वाचून एखादे ज्येष्ठ उपासक आम्हांस मैदान नांगरून भाजीपाला लावण्याचा सल्ला देतील. आमचे नम्र उत्तर असे, की ती यादी प्रव्रजितांसाठी आहे, बारा वर्षांच्या मुलीसाठी नाही; आणि तिचा रोख आळसात वेळ घालविण्यावर आहे. देहाच्या शिस्तीविषयी तथागतांनी काय सांगितले, हे पाहावयाचे तर अंगुत्तरनिकायातील सोण कोळिविस याची कथा पाहावी. चंक्रमण करून करून त्याचे तळपाय रक्तबंबाळ झाले आणि तरी चित्त स्थिर होईना. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्यास विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा वाजे काय? फार सैल सोडल्या तर? क्रीडाशिक्षकाने भिंतीवर लावावयाचा तक्ता हाच. व्यावसायिक खेळाच्या झगमगाटात हल्ली तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडून सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-पाच तास सराव करून घेतला जातो, दुखऱ्या घोट्यावर पट्टी बांधून त्यास सामन्यात उतरविले जाते, दहावीचे वर्ष ‘नंतर पाहू’ म्हणून ढकलले जाते. लीगमध्ये जागा किती? सहा संघ, दीडशेच्या आसपास खेळाडू, साऱ्या देशातून. उरलेल्यांचे काय, हे त्यांच्या प्रशिक्षकांना विचारावे. आमच्या शाळेत सराव दीड तास आहे आणि तो दीडच तास राहील.

प्रमाणपत्रांचा विषय अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, परीक्षेत वाढीव गुणांची सवलत आहे. गरीब खेळाडूसाठी या मोलाच्या गोष्टी आहेत. म्हणूनच बोगस क्रीडाप्रमाणपत्रांची जी प्रकरणे मराठवाड्यात आणि राज्यात अन्यत्र उघडकीस आली, ती आम्हांस साध्या फसवणुकीपेक्षा गंभीर वाटतात. जो कधी मैदानात उतरला नाही त्याने विकत घेतलेले प्रमाणपत्र म्हणजे जी खरोखर खेळली तिच्या ताटातला घास. अदिन्नादाना वेरमणी हे शील आम्ही दररोज सकाळी म्हणवून घेतो. ते या कागदासही लागू आहे, हे पालकांच्या सभेत एकदा स्पष्ट शब्दांत बोलावे लागले. काही पालक नाराज झाले. झाले ते बरे झाले.

आता मुलींविषयी अधिक काही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण बीड जिल्ह्यात चाळीस टक्क्यांहून अधिक आढळले. खो-खोतील मुलीचा खेळ खुलतो तो पंधराव्या ते बाविसाव्या वर्षी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की उत्तर मिळते: आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलींचा खेळ सुरू होण्याच्या वयात संपतो. फडावर जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, या काळजीने आईबाप लग्न उरकून टाकतात. त्यांना उपदेश करून फार लाभ होत नाही. निवासाची जागा दिल्याने होतो. मुलगी वसतिगृहात आहे, दोन वेळ जेवते आहे, आणि पुढच्या महिन्यात तिचा सामना आहे, एवढ्या तीन गोष्टी पालकांना ठाऊक असल्या तर लग्नाची बोलणी एक वर्ष पुढे जातात, असा आमचा अनुभव आहे. पुढच्या वर्षी आणखी एक सामना असला की आणखी एक वर्ष. व्यावसायिक लीग आमच्या मुलीस कोट्यधीश करील की नाही, हा दूरचा प्रश्न. तिच्या नावाने असलेला पुढचा सामना तिला आणखी एक वर्ष शाळेत ठेवतो, हा जवळचा.

आणि नेमका हा पुढचा सामनाच वेळापत्रकात हरवतो. शालेय क्रीडास्पर्धा पावसाळ्यात तालुका पातळीवर सुरू होतात. जिल्हा, विभाग करीत राज्य पातळीवर पोहोचेपर्यंत दिवाळी येते. दिवाळीनंतर टोळ्या निघतात. वसतिगृहाबाहेरच्या, गावच्या शाळांतील किती चांगल्या खेळाडू तालुका स्पर्धा जिंकून विभागीय स्पर्धेच्या वेळी सांगली-कोल्हापूरच्या फडावर किंवा कर्नाटकात असतात, हे प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक आहे. तालुका जिंकलेला संघ पुढे जातो तो सहा जणींची बदली करून. बीडसारख्या जिल्ह्यासाठी स्पर्धांचे वेळापत्रक ऊसतोडीचे पंचांग पाहून आखावे, अशी विनंती आम्ही संबंधितांकडे या स्मरणिकेच्या निमित्ताने करीत आहोत. ते अशक्य असेल, तर निदान निवड झालेल्या खेळाडूंना स्पर्धा संपेपर्यंत हंगामी वसतिगृहांत राहण्याची सोय त्याच आदेशात असावी.

विनंती करून वाट पाहत बसण्याची मात्र आमची तयारी नाही. जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहे आहेत, आश्रमशाळा आहेत, आमच्यासारख्या निवासी शाळा आहेत. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत, जेव्हा बाकीची गावे ओस पडलेली असतात, तेव्हा मुले एकत्र असतात ती याच ठिकाणी. या सर्वांनी मिळून मुलींची एक खो-खो साखळी स्पर्धा याच काळात भरवावी, असा आमचा प्रस्ताव आहे. बाद पद्धत नको. प्रत्येक संघाने प्रत्येक संघाशी खेळावे, म्हणजे पहिल्याच दिवशी हरलेल्या मुली दुसऱ्या दिवशी घरी जाणार नाहीत. सामने आळीपाळीने प्रत्येक शाळेच्या मैदानावर. नऊ गडी, नऊ मिनिटे, जुन्याच नियमांनी, कारण नव्या नियमांत दोन मुली कमी खेळतात आणि आमच्याकडे खेळू इच्छिणाऱ्या मुलींची कमतरता नाही. शेवटचे दोन सामने हवे तर नव्या नियमांनी घ्यावेत, म्हणजे पुढे जाणारीस सवय राहील. प्रवेशशुल्क नाही, सत्कार नाहीत, भाषणे दहा मिनिटांच्या आत. सामन्यानंतर दोन्ही संघ यजमान शाळेत एका पंगतीला जेवतील. दुखापतीची पेटी आणि घड्याळ यजमान शाळेचे.

पहिल्या फेरीसाठी आमचे मैदान आम्ही आजच देऊ करतो. त्याची दक्षिणेकडील बाजू थोडी उताराची आहे, ती डिसेंबरच्या सुटीत मुरूम टाकून सारखी करून घेऊ. चुना आमचा, खांब आमचे. येणाऱ्या संघांनी पाण्याच्या बाटल्या तेवढ्या सोबत आणाव्यात. जानेवारीनंतर आमच्या विहिरीचा भरवसा नसतो.